लेकीच्या घरचं पाणी

सावरखुटीच्या शकुनमायच्या बोटांत देव आहे, असं लोक म्हणायचे. देवबिव काही नव्हतं. सासूनं शिकवलेलं काम होतं आणि जोडीला दांडगी चिकाटी होती. पण लोकांना प्रत्येक गोष्टीत देव लागतोच, त्याला कोण काय करणार! शकुनमाय नारू काढायची. नारू ज्यांनी पाहिला नाही ते नशीबवान, त्यांना तो समजावून सांगावा लागेल. आधी घोट्यापाशी किंवा पोटरीवर एक फोड येतो. अशी आग होते की धडधाकट गडी रडकुंडीला येतो. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड काढतो, आणि हा दोरा हातभर लांब असतो. ओढावा तर तुटतो. तुटला की पाय सुजतो, पिकतो, आणि माणूस जन्माचा लंगडा होतो. म्हणून त्याला ओढायचं नाही, गुंडाळायचं. शकुनमाय पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची, बारीक काडी घ्यायची, किड्याचं टोक तिच्यावर अडकवायची आणि काडी हलक्या हातानं फिरवायची. किडा राजीखुशीनं येईल तेवढाच घ्यायचा. मग काडी तिथंच पायाला फडक्यानं बांधायची आणि बाकीचं उद्या. असं कित्येक दिवस चालायचं. तिच्या हातून किडा तुटला असं कोणी ऐकलं नव्हतं.

गाव तिवस्याहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर. वावरातल्या विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवायच्या, त्यामुळं प्यायच्या पाण्याची जागा एकच, ती म्हणजे बारव. चौकोनी, दगडी, थेट पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्यांची. बायका घागर घेऊन खाली जायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या, घागर बुडवून वर यायच्या. दोर नको, रहाट नको, खांदे दुखायला नकोत. पाणी गोड, म्हणजे अगदी ओंजळ तोंडाला लावली की सोडवू नये असं. गावकुसाबाहेरच्या बायकांना मात्र पायरीला पाय लावायची बंदी. त्या काठावर रिकामी घागर घेऊन उभ्या राहायच्या, कोणाला दया आली तर वरून धार धरायची. धर्म म्हणायचे याला. असो.

तर याच बारवेच्या पाण्यातल्या पायरीवर शकुनमायचा दवाखाना भरायचा. नारूवाल्यानं तिथं बसायचं, पाय पाण्यात सोडायचा. गार पाणी लागलं की आग निवते आणि किडा आपण होऊन तोंड बाहेर काढतो, ही सासूची शिकवण. शेजारीच बायका घागरी बुडवत असायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगत असायच्या. मधेच शकुनमाय ओरडायची, "हलू नको बे, काडी फिरवून राह्यली मी!" कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पाय बरा झाला की माणसानं बारवेला नारळ फोडायचा. शकुनमाय स्वतः काही घ्यायची नाही. घेतलं की हातगुण जातो, असं तिचं म्हणणं होतं.

तशात कापसाचं वेड आलं. समुद्रापल्याड अमेरिका नावाच्या मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, आणि साहेबाला वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीची आठवण झाली. मग काय विचारता! ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, तुरीच्या वावरात पऱ्हाटी. काही शहाण्यांनी परसातली वांगी उपटून पऱ्हाटी लावली. अमरावतीच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग रस्त्यावरून हटेना. बैलांच्या घुंगरांनी कान किटून गेले. गाडीवान बारवेपाशी गाड्या सोडायचे, खाली उतरायचे, तोंडं धुवायचे, पाण्यात पाय सोडून चिलीम ओढत बसायचे, आणि जाताना पखाल भरून न्यायचे. गाव खूश होतं. आपल्या पाण्याचं नाव पार हिंगणघाटापर्यंत गेलं, याचा लोकांना अभिमान वाटायचा.

नारूला मात्र कापसाशी देणंघेणं नव्हतं. तो आपला चैत्र लागला की हजर. ऐन वखरणीत, ऐन पेरणीत गड्याचा पाय धरायचा. पूर्वी नारू झाला की माणूस निवांत खाटेवर पडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दुखणं सांगायचा, महिना काढायचा. आता दम कोणाला होता? नत्थुजी म्हणून शकुनमायचा शेजारी होता, भला माणूस, पण उतावळा. पाऊस तोंडावर आला, वावर तसंच पडलं, आणि काडीवर अर्धा नारू गुंडाळलेला. त्यानं दिला एक हिसका. नारू तुटला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला.

"अबे बैला!" शकुनमाय त्याच्या खाटेपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माह्या मेहनतीवर पानी ओतलं ना बे. कापूस काय पळून चालला व्हता?"

"भाव पळून चालला व्हता, शकुनमाय," नत्थुजी कण्हत म्हणाला.

तिनं लिंबाचा पाला वाटून पायाला बांधला. पाय वाचला, पण गुडघा वाकायचा राहिला. त्यानंतर नत्थुजी काठी टेकत चालायचा, आणि दर उन्हाळ्यात त्याच्या चांगल्या पायाला नवा नारू यायचा.

शकुनमायला जगलेलं मूल एकच, लेक रुख्मिणी. नवरा भगवंतराव पोरीला डोळ्यांआड होऊ द्यायचा नाही, पण पोरीची जात, द्यावी लागलीच. चांदूर बाजाराकडच्या एका गावात, शेषराव नावाच्या मुलाला दिली. घर चांगलं, मुलगा कष्टाळू, थोडा नाकानं कांदे सोलणारा, पण जावई म्हटला की तेवढं धरून चालावं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रुख्मिणी माहेरी आली. झोके बांधले, गाणी म्हटली, आमरस ओरपला, दिवसभर मैत्रिणींबरोबर बारवेच्या पायऱ्यांवर बसून हसली. पाऊस लागायच्या आत शेषराव आला आणि तिला घेऊन गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस भर दुपारी शेषरावची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, दारात येऊन थांबली. रुख्मिणीला त्यानं हात धरून उतरवलं. तिच्या घोट्यावर टपोरा फोड होता आणि रडून रडून डोळे लाल झाले होते.

"आमच्या गावात कोनाले समजेच ना मामी, हे काय आहे ते," शेषराव म्हणाला. "कोनी म्हने चटका लागला, कोनी म्हने करनी आहे. हिच्याच ध्यानात आलं का हा नारू आहे म्हनून."

"नारू नाई पायला तुमच्या गावानं?" शकुनमायला हसूच आलं. "मंग काय पायलं जवाईबापू तुमी?"

सकाळी तिनं लेकीला बारवेवर नेलं. शेषराव मागोमाग आला. पायरीवर उभा राहून तो टकमका पाहत राहिला. इकडं रुख्मिणीचा पाय पाण्यात, पलीकडं नत्थुजीचा, त्यापलीकडं दोन गाडीवानांचे, आणि मधल्या जागेत बायका घागरी बुडवतायत.

"हेच पानी पेता तुमी?" तो म्हणाला.

"मंग काय अमरावतीहून आनतो?"

"नाई, आमच्याकडे विहिरीत कोनी पायच नाई घालत ना. वरून दोर टाकते, भरलं का ओढते. म्हनून म्हनलं."

शकुनमायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावई होता म्हणून वाचला. बारवेचं पाणी, ज्याचं नाव हिंगणघाटापर्यंत गेलं, त्याला हा काल मिसरूड फुटलेला पोरगा नावं ठेवतो! "तुमच्या विहिरीचं पानी जड आहे म्हनून ऐकलं," ती म्हणाली, आणि काडी फिरवायला खाली वाकली.

आणि वाकली तेव्हा तिनं ते पाहिलं. म्हणजे आयुष्यभर पाहत आलीच होती. फोड नुकता फुटला होता. गार पाणी लागताच किड्याच्या तोंडातून पांढरं, ताकाच्या निवळीसारखं काही तरी सुटलं, पाण्यात पसरलं आणि दिसेनासं झालं. सासू म्हणायची, नारू आपलं विष टाकतो, ते पाण्यानं वाहून गेलं की माणूस बरा होतो. शकुनमायही सगळ्यांना हेच सांगायची. त्या सकाळी मात्र, लेकीचा पाय हातात असताना, तिच्या मनात आलं, वाहून जातं तर कुठं जातं? नदी असती तर गोष्ट वेगळी. बारव कुठं वाहते? चार भिंतींच्या आत जे पडलं ते आतच राहणार. तेवढ्यात शेजारणीनं तिथंच घागर बुडवली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला. जात्यावर बसली की तोच विचार, भाकर थापताना तोच विचार. अख्ख्या गावात नारू आणि लेकीच्या गावात नावालाही नाही. मग तिथल्या एवढ्या बायकांत नेमका रुख्मिणीलाच कसा झाला? गेल्या उन्हाळ्यात ती इथं होती म्हणून. यंदा पाय धरून आलेल्या एका गाडीवानाला तिनं उगाच विचारल्यासारखं विचारलं, "याआंधी आला व्हता काय गा इकडे?" तो म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात चार रोज इथंच मुक्काम होता माय. पाणी काय गोड तुमचं!" ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

अजून एक गाठ सुटत नव्हती. पाण्यातून नारू येतो तर कुठून शिरतो? पायातून की तोंडातून? याचं उत्तर तिला काठावर सापडलं. गावकुसाबाहेरच्या बायका जन्मात पाण्यात उतरल्या नव्हत्या. उतरू कोण देणार? तरी नारू त्यांच्या वस्तीत घरोघरी होता. शकुनमाय तिकडंही जायची. सोवळ्याचं तिला वावडं होतं अशातला भाग नाही, पण नारू दिसला की तिला राहवत नसे. म्हणजे पायाचा प्रश्नच नव्हता. त्या वस्तीतली माणसं हेच पाणी पीत होती. सगळं गाव पीत होतं, आणि पाण्यात ते पांढरं विष सोडायला रोज सकाळी माणसं ओळीनं कोण बसवत होतं?

हे कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. भगवंतरावानं विचारलं, "काय झालं वं?" तर म्हणाली, "पोट भरलं." पोट कुठलं भरतंय! लेक तिथंच घरात होती, पाय बरा होईपर्यंत राहिली होती, आणि इतके दिवस तेच पाणी पीत होती. शकुनमायनं उरलेला नारू अंगणात परातीत पाणी घेऊन काढला आणि ते पाणी दूर उकिरड्यावर, कडक उन्हात ओतलं. पण प्यायलेलं पाणी पोटातून कसं काढणार? रुख्मिणी हसतखेळत सासरी गेली तेव्हा मायच्या मनात एकच हिशेब चालला होता, की पुढचा चैत्र यायचा आहे.

मग तिनं बारवेवरचा दवाखाना बंद केला. नारूवाल्यांनी माझ्या अंगणात यायचं, पाण्यात पाय घालायचा नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. लोक अंगणात आले. परातीत पाय ठेवून काडी फिरवून घेतली. आणि घरी जाताना, पाय पुन्हा भणभणला की, बारवेत जाऊन बसले.

"नत्थुजी, ऊठ तिथून," ती एका दुपारी काठावरून ओरडली.

"पाय जयते, शकुनमाय. आगआग होते."

"जयू दे! तुह्या पायाचं पानी गावाच्या पोटात जाऊन राह्यलं."

नत्थुजीनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तूच बसवलं व्हतं ना मले इथी," तो म्हणाला. "आंधी बसवते, आता उठवते. मी कुठी जाऊ, सांग." पेटलेला पाय घेऊन गार पाण्याच्या काठावरून कोणी कोरडं परत जावं, असं म्हणायला जीभच उचलत नव्हती. ती तशीच घरी आली.

शेवटचा उपाय म्हणून ती खुशालराव पाटलांकडे गेली. पाटील कापसानं हातात खेळू लागलेला पैसा बारवेला लावणार होते. पायऱ्या रुंद करायच्या, दोन बाजूंनी उतरायची सोय करायची, म्हणजे गाडीवानांची दाटी होणार नाही. दगड येऊन पडले होते. पहिल्या दगडाला कुंकू शकुनमायनं लावावं, असंही ठरलं होतं, हातगुणाची बाई म्हणून. आणि ही बाई जाऊन म्हणते काय, तर पायऱ्या बुजवा आणि वर रहाट बसवा!

पाटील चांगला माणूस. त्यांनी तिला हाकललं नाही, गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "शकुनबाई," ते म्हणाले, "तू म्हनतं तसं असतं तर तुह्या सासूले नसतं समजलं? तिच्या सासूले? येवढ्या पिढ्या पानी पेल्या. आन तहानेल्या मानसाच्या म्होरून पायरी काढून घ्याची, हे पाप मी कोन्या तोंडानं करू?"

"पाटील, माह्यावर भरोसा नाई तुमचा?"

"तुह्या बोटावर आहे," पाटील म्हणाले. "हे बोटाचं काम नाई."

पायऱ्यांचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकावं, म्हणजे मागं टांगणी राहणार नाही. त्या रुंद झाल्या. पहिल्या दगडाला कुंकू शकुनमायनं लावलं नाही, दुसऱ्या कोणी लावलं. त्या बुजल्या तेव्हा शकुनमाय जिवंत नव्हती, पाटीलही नव्हते. तोवर गावानं किती नारू भोगले त्याची गणती कोणी ठेवली नाही. शकुनमाय मरेपर्यंत अंगणात परात मांडून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिली. काहींनी ऐकलं, बहुतेकांनी म्हातारीला चळ लागला म्हणून सोडून दिलं. एकट्या माणसाचं गाव किती ऐकतं, हे काय वेगळं सांगायला हवं?

पण ते नंतरचं. त्याच सालच्या थंडीत चांदूर बाजाराकडून निरोप आला की रुख्मिणीला दिवस गेलेत. भगवंतराव वेडा व्हायचा बाकी राहिला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. त्यात विचारायचंच काय? त्यानं बाज विणून घेतली, डिंक आणला, मेथ्या आणल्या, शेजारपाजारच्या घरी तूप सांगून ठेवलं. फाल्गुन संपता संपता गाडी जुंपली, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले आणि लेकीला आणायला निघाला. शकुनमाय घरातून बाहेर आली आणि जुवावर हात ठेवून उभी राहिली.

"तिले आनू नोका."

भगवंतरावाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनली?"

"उन्हाळा आहे. ती आली का बारवेचं पानी पेईन. ओली बायंतीन पेईन. लेकराले पाजीन. मी नाई पाहू शकत."

"आन मी तिच्या सासरी जाऊन काय सांगू?" भगवंतराव कडाडला. "का माय नाई म्हनते? पहिल्या बायंतपनाले मायेर बंद झालं? लोकं शेन घालतीन तोंडात! पोट्टी जन्मभर हे उकरून काढन!"

"काढू द्या."

"तुह्या डोस्क्यात त्या पान्यानं घर केलं, शकुन."

शकुनमाय रडायला लागली. आजवर नवऱ्यादेखत ती कधी रडली नव्हती. ती रडत रडत म्हणाली, "मीच पाजलं जी तिले. मागच्या सालाले मीच न्हेलं, मीच बसवलं, मीच घागर भरून आनली. आता एखादवेळी तिच्या पायात पुन्हा निंघन. आन तुमी म्हनता अजून पाज." तिनं पदरानं नाक पुसलं. "ती नाई येनार. मी जातो तिथी. जुवाचे बैल सोडू नोका, मलेच घेऊन चला."

"आन रायशीन कशी?" भगवंतरावाचा आवाज खाली आला होता. "पोट्टं व्हयाच्या आंधी? तिथलं पानी?"

हा प्रश्न होता खरा. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं अन्न तर दूरच, पाण्याचा थेंबही माय-बापानं घ्यायचा नाही. लेक दान दिली, दिलेल्या दानाचं परत घ्यायचं नाही. तहानेनं जीव गेला तरी शेजारच्या घरी जाऊन प्यायचं. शकुनमायच्या मायनं हे पाळलं होतं, सासूनं पाळलं होतं. तिला विचारलं असतं तर तिनंही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की हा नेम मोडणारी बाई नरकात जाते. ती घरात गेली, डिंकाची आणि मेथ्यांची गाठोडी उचलली, पऱ्हाटीच्या चार काड्या फडक्यात बांधल्या आणि गाडीत चढून बसली.

चांदूर बाजाराकडची ती वाट त्या उन्हात संपता संपेना. बरोबर पाणी घेतलं नव्हतं, घ्यायचं तर बारवेचंच घ्यावं लागलं असतं. भगवंतराव वाटेत ओढ्यावर, झऱ्यावर कुठं कुठं प्यायला. शकुनमाय उतरली नाही, माणसं पाय घालतात त्या पाण्याला आता तिचं मन धजत नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी शेषरावच्या दारात उभी राहिली.

रुख्मिणी ओसरीवर बसली होती, भरल्या दिवसांची. आधी तिचं तोंड फुललं. मग बाप गाडीतून गाठोडी उतरवून घरात ठेवायला लागला, तशी ती समजली, की आपल्याला न्यायला कोणी आलेलं नाही. ती उठली आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिची सासू दुर्गाबाई लगबगीनं बाहेर आली आणि तिथंच थबकली.

शकुनमाय लेकीपाशी गेली. खाली बसली आणि तिचं लुगडं घोट्यापासून वर सारलं. एक पाय पाहिला, बोटांनी चाचपला, पोटरी चाचपली. मग दुसरा. रुख्मिणी पाय ओढून घ्यायला लागली, तर मायनं घट्ट धरून ठेवला. कुठं फोड नव्हता, गाठ नव्हती. अजून तरी नव्हती. उन्हाळा पुरता जायचा होता. शकुनमायनं लेकीच्या पायावर कपाळ टेकलं आणि क्षणभर तशीच राहिली.

"हे काय करून राह्यली माय तू?" रुख्मिणी घाबरून म्हणाली. तिचा राग कुठच्या कुठं गेला होता.

शकुनमाय भिंतीला टेकून बसली. ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. "विहीणबाई," ती म्हणाली, "पानी द्या."

दुर्गाबाई पुढं आली. "शेजारून आनतो ना मी," ती म्हणाली. "आत्ता आनतो. तुमी आमच्या घरचं कसं पेसान? पोट्टं नाई झालं अजून. पाप लागन बाई."

"शेजारून कायले? तुमच्याच मटक्यातलं द्या. पाऊस लागेपर्यंत रायाले आली मी, किती दिवस शेजारून आनसान?" शकुनमाय म्हणाली. "आन पापाचं म्हनान तर, आमच्या गावचं गोड पानी मीच पोरीले आपल्या हातानं पाजलं. ते पुन्य समजून पाजलं व्हतं. आता हे पाप करून पाहू द्या."

भगवंतराव दारात उभा होता. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं, पण अडवलं नाही. दुर्गाबाई जागची हलली नाही. मग रुख्मिणीच आत गेली. पोट सांभाळत वाकली, मटक्यातून लोटा भरला आणि दोन्ही हातांनी मायपुढं धरला. पाणी जड होतं, किंचित खारट, बारवेची सर त्याला नव्हती. शकुनमाय ते थांबत थांबत, शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

"इतकं वाईट आहे काय वं माय, आपल्या बारवेचं पानी?" रुख्मिणीनं विचारलं.

शकुनमायनं होय म्हणून मान हलवली. लेकीनं तिच्या हातातून लोटा घेतला आणि पुन्हा भरायला आत गेली.